पावलांचे मोजमाप : कंपवाताची चाल आणि चित्रफीत

सर्वसामान्य समजुतीत कंपवात, म्हणजेच पार्किन्सन्सचा विकार, हा कापणाऱ्या हाताचा आजार आहे, आणि या समजुतीमुळे ज्यांचा हात कापत नाही परंतु चाल बिघडलेली आहे अशी कितीतरी म्हातारी माणसे गुडघ्याला तेल चोळण्यात आणि कंबरदुखीच्या गोळ्या खाण्यात वर्षे घालवतात. वस्तुतः या विकारात मध्यमेंदूतील सबस्टॅन्शिया नायग्रा या काळसर पट्ट्यातल्या पेशी हळूहळू नष्ट होत जातात, त्यांच्याकडून मिळणारे डोपामाइन हे रसायन अपुरे पडू लागते, आणि माणूस एरवी विचार न करता ज्या हालचाली करतो त्यांचा आवाका व लय दोन्ही आटत जातात. चालणे ही अशा हालचालींतली सर्वांत मोठी. कापणारा हात खिशात किंवा पदराआड लपवता येतो. चाल लपत नाही, आणि पडून खुब्याचे हाड मोडण्याचा धोकाही तिच्यातूनच येतो. म्हणून विकार किती वाढला, औषध किती लागू पडले आणि रुग्णाला एकट्याने घराबाहेर सोडावे की नाही, हे तिन्ही प्रश्न शेवटी चालीपाशी येऊन थांबतात. ती चाल साध्या मोबाइलच्या चित्रफितीवरून मोजता येईल काय, आणि धाराशिवसारख्या जिल्ह्यात त्या मोजमापावर कितपत विसंबता येईल, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

चालीतला बिघाड म्हणजे नेमके काय, हे आधी स्पष्ट असायला हवे, कारण काय मोजायचे ते ठरल्याशिवाय कॅमेऱ्याचा उपयोग नाही. एक टाच जमिनीला टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंतच्या काळाला चालीचे एक आवर्तन म्हणतात. निरोगी माणसाचे असे आवर्तन साधारण एका सेकंदात पुरे होते, आणि त्यातला सुमारे ६० टक्के वेळ पाऊल जमिनीवर तर उरलेला ४० टक्के वेळ हवेत असते. कंपवातात पावलाची लांबी घटते, दर मिनिटाला पडणाऱ्या पावलांची संख्या मात्र तेवढीच राहते किंवा वाढतेही, आणि दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर असण्याचा काळ लांबतो. चालताना एका बाजूचा हात हलेनासा होणे हे तर पुष्कळदा अगदी सुरुवातीचे चिन्ह असते. वळताना डोके, खांदे आणि कंबर ही एकामागून एक न फिरता सगळे शरीर एकदम फिरू लागते, त्यामुळे दोन-तीन पावलांत होणाऱ्या वळणाला सहा-सात पावले लागतात. काहींची पावले आपोआप लहान आणि जलद होत जाऊन माणूस तोल सावरण्यासाठी पुढे धावल्यासारखा जातो. काहींचे पाय दारात, अरुंद जागेत किंवा वळताना अचानक जमिनीला खिळतात. या शेवटच्या प्रकाराला गोठणे म्हणतात, आणि घरच्यांना आडमुठेपणा वाटणाऱ्या त्या क्षणी तो खिळलेला पाय बहुधा सेकंदाला तीन ते आठ वेळा थरथरत असतो.

डोळ्यांनी चाल पारखण्याची परंपरा या विकाराच्या पहिल्या वर्णनाइतकीच जुनी आहे. लंडनचे जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात अवघे सहा रुग्ण आहेत, आणि त्यांतले काही त्यांनी तपासलेले नाहीत, रस्त्यात पाहिलेले आहेत. एकाला तर केवळ दुरून. पुढे पॅरिसमध्ये मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांनी या विकाराला पार्किन्सन यांचे नाव दिले, आणि त्यांचे शिष्य जिल द ला तुरेत यांनी १८८६ मध्ये रुग्णांच्या तळव्यांना लोहाची तांबडी पूड लावून त्यांना लांबलचक पांढऱ्या कागदावरून चालवले. गौरी घरात आणताना उमटवतात तशी तांबडी पावले कागदावर उमटली आणि ती पट्टीने मोजता आली. त्याच दशकात अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिज यांनी फ्रान्सिस डर्कम या मज्जाविकारतज्ज्ञाच्या साहाय्याने चालण्यात दोष असलेल्या रुग्णांची क्रमवार छायाचित्रे घेतली. कागदावर अंतर उमटले पण वेळ निसटला, आणि छायाचित्रांच्या मालिकेत हालचालीचा क्रम पकडला गेला तरी आकडेमोड हातानेच करावी लागे. त्या दोन वाटा एकत्र यायला पुढे बराच काळ जावा लागला.

दवाखान्यात आज रूढ असलेली पद्धत मात्र अजूनही डोळ्यांचीच आहे. २००८ मध्ये सुधारून प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय गुणांकनानुसार रुग्णाला सुमारे दहा मीटर चालवतात, वळवून परत आणतात आणि त्याच्या चालीला शून्य ते चार यांपैकी एक गुण देतात. गोठण्याला आणि तोलाला वेगळे गुण असतात. अनुभवी तज्ज्ञाच्या हाती ही पद्धत चांगली चालते, पण तिचे टप्पे मोठे आहेत, त्यामुळे वर्षभरात पावलाची लांबी चार-पाच सेंटिमीटरने घटली तरी रुग्णाचा गुण दोनचा दोनच राहू शकतो. दुसरी अडचण वेळेची आहे. लेव्होडोपा या मुख्य औषधाचा अंमल काही तासांचा असतो. विकार जुना झाला की गोळी चढलेली असताना बरा चालणारा माणूस गोळी उतरल्यावर उंबरठा ओलांडू शकत नाही. तज्ज्ञाकडे जायचे म्हणून सकाळी गोळी घेऊन निघालेला रुग्ण दुपारी तपासणीच्या खोलीत, चार अनोळखी माणसांदेखत, नेटाने चालून दाखवतो, आणि पहाटे न्हाणीच्या दारात रोज घडणारा प्रसंग डॉक्टरांना दिसतच नाही. घरचे लोक तो सांगतात, परंतु सांगण्यातून पावलाची लांबी कळत नाही.

अचूक मोजमापाची सोय प्रयोगशाळांतून बऱ्याच काळापासून आहे. अंगावर परावर्तक ठिपके चिकटवून अनेक अवरक्त कॅमेऱ्यांनी त्यांचा माग काढायचा आणि जमिनीत बसवलेल्या पट्ट्यांनी पावलाचा दाब टिपायचा, अशी ही रचना असते. तिला स्वतंत्र दालन, प्रशिक्षित माणसे आणि लक्षावधी रुपये लागतात, म्हणून ती मोठ्या शहरांतल्या मोजक्या संस्थांपलीकडे गेली नाही. २०१७ च्या सुमारास परिस्थिती बदलली. ओपनपोजसारख्या संगणकप्रणालींनी, आणि नंतर मोबाइलवरही चालणाऱ्या मीडियापाइपसारख्या प्रणालींनी, कोणताही ठिपका न चिकटवता साध्या चित्रफितीच्या प्रत्येक चौकटीत खांदा, कोपर, खुबा, गुडघा, घोटा अशी शरीराची ठाणी शोधून काढण्याची सोय केली. या प्रणालींना असंख्य छायाचित्रांवर माणसांनी आधीच खुणा करून शिकवलेले असते. त्या हाडे पाहत नाहीत, तर या रंगरेषांच्या ठेवणीत गुडघा बहुधा कुठे असेल याचा अंदाज बांधतात. चौकटीमागून चौकटीत घोट्याचे स्थान मिळाले की तो पुढे केव्हा सरकला आणि केव्हा थांबला हे कळते, आणि त्यातून पावलाचा वेळ, लांबी, वेग, हातांच्या झोक्यांतला फरक व वळण्याला लागलेली पावले ही सारी मापे निघतात.

मात्र यातले कोणते माप किती भरवशाचे, याचा हिशेब कागद-पेन्सिल घेऊन कोणालाही करता येतो, आणि तो करून पाहिल्याशिवाय या विषयावर उत्साहाने बोलू नये. मोबाइल साधारणपणे सेकंदाला ३० चौकटी टिपतो, म्हणजे दोन चौकटींमध्ये सुमारे ३३ मिलिसेकंद जातात. निरोगी माणसाचे एक पाऊल अर्ध्या सेकंदाचे धरले तर ते पंधरा चौकटींत येते, त्यामुळे पावलांची सरासरी गती काढायला एवढे पुरेसे आहे. परंतु चालीची अनियमितता, म्हणजे एक आवर्तन दुसऱ्यापेक्षा किती वेगळे पडते हे माप, पडण्याच्या धोक्याशी जोडलेले असल्याने वैद्यांना हवे असते. निरोगी चालीत हा फरक आवर्तनाच्या सुमारे दोन टक्के, म्हणजे २० मिलिसेकंदांच्या आसपास असतो. जो फरक एका चौकटीहून लहान आहे तो ३० चौकटींच्या चित्रफितीतून काढल्याचा दावा कोणी केला तर त्यावर शंका घेणेच योग्य. त्यासाठी ६० किंवा १२० चौकटींचे चित्रण आणि पुष्कळ पावले लागतात. उलट गोठलेल्या पायाची थरथर सेकंदाला आठाच्या पुढे सहसा जात नसल्यामुळे ती ३० चौकटींतही पकडता येते. वेगाची गोष्ट त्याहून सोपी आहे. कंपवातात चालीचा वेग सेकंदाला ०.०६ मीटरने बदलला तर तो लहान पण अर्थपूर्ण बदल, ०.१४ ने बदलला तर मध्यम आणि ०.२२ ने बदलला तर मोठा, असे मानले जाते. नीट घेतलेल्या, अनेक पावलांची सरासरी काढलेल्या चित्रफितीला मध्यम आणि मोठा बदल निश्चित दिसतो.

धाराशिव जिल्ह्याला या साधनाची गरज का, हे नकाशा पाहिला तरी कळते. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी या आठ तालुक्यांच्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार १६,५७,५७६ माणसे राहत होती. केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांत महाराष्ट्रातले जे चार जिल्हे आहेत त्यांतला हा एक. मज्जाविकारतज्ज्ञाला दाखवायचे तर सोलापूर, लातूर किंवा थेट पुणे गाठायचे, हा इथला रिवाज. धाराशिवहून सोलापूर सुमारे ७० किलोमीटर, आणि ज्याचे पाय एसटीच्या पायरीशीच खिळतात त्याच्यासाठी ते अंतर दुप्पट. कामाधंद्याची मुले पुण्याला आणि आईवडील गावी, ही स्थिती घरोघरी असल्याने सोबत कोणी यायचे हाही प्रश्नच असतो. तज्ज्ञाची भेट सहा-आठ महिन्यांतून एकदा, आणि त्या मधल्या काळाची नोंद शून्य. दुसरीकडे जिल्ह्यात जमेच्या गोष्टीही आहेत. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच स्त्रियांना शिकवून भारतवैद्य म्हणून उभे केले आणि कमी शिकलेली बाईही आरोग्याची नोंद काटेकोर ठेवू शकते हे दाखवून दिले. १९९३ च्या भूकंपानंतर लोहारा तालुक्यात सास्तूरचे स्पर्श रुग्णालय उभे राहिले. २०२२ पासून धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने २५ मार्च २०२० रोजी प्रसिद्ध केल्यामुळे चित्रसंवादातून सल्ला देण्याला रीतसर आधारही आहे.

अडचण आहे ती घराच्या जमिनीवर. मराठवाड्यातल्या जुन्या घरांतून शहाबादी फरशी असते, आणि वरवर पाहता ती मोजणाऱ्याची सोयच करते, कारण कॅमेऱ्याला अंतर आपोआप कळत नाही, चित्रातल्या बिंदूंचे सेंटिमीटर करायला ठाऊक असलेली एखादी लांबी चौकटीत लागते, आणि साधारण दोन फुटांची फरशी ती लांबी आयतीच पुरवते. पण कंपवाताच्या बाबतीत हीच सोय फसवी ठरते. जमिनीवर आडव्या रेषा असल्या की या रुग्णांची पावले लांब पडतात आणि गोठणे कमी होते, हे १९६० च्या दशकापासून ठाऊक आहे. डोळ्यांना मिळालेली खूण मेंदूला दुसऱ्या वाटेने पाऊल टाकायला लावते असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. दोन फुटांवर येणारा फरशीचा सांधा हा निरोगी पावलाच्या लांबीच्या जवळपासचाच, म्हणून अंगणातल्या सपाट मातीवर वीतभर पावले टाकणारा माणूस ओसरीवरच्या फरशीवर चांगला चालताना दिसू शकतो. एक चित्रफीत अंगणात आणि पुढची ओसरीवर घेतली, तर दोहोंतला फरक औषधाचा नसून दगडाचा असेल. जागा एकदा ठरली की दर खेपेला तीच ठेवणे, हा या कामातला पहिला नियम.

कपड्यांचा प्रश्न तितकाच खरा आहे. सहावारी साडीचा घेर घोटा झाकतो, धोतराचा सोगा पायापेक्षा वेगळ्या तालावर हलतो, आणि प्रणाली कापडाच्या घडीलाच गुडघा समजून बसते. नऊवारीचा काष्टा घोटा व पोटरी उघडी ठेवतो, म्हणून या एका बाबतीत आजीची चित्रफीत सुनेच्या चित्रफितीपेक्षा वाचायला सोपी जाते. घोट्याच्या वर रंगीत फीत बांधणे किंवा साडी थोडी वर खोचणे हे उपाय साधे आहेत, पण ते त्या बाईला विचारून, तिच्या सोयीने आणि शक्यतो बाईनेच करायचे. प्रकाशाचे म्हणाल तर माजघरातल्या अंधारात मोबाइल आपणहून चौकटींची संख्या कमी करतो आणि वेळेचा सारा हिशेब चुकतो. म्हणून चित्रण दिवसाउजेडी, दार-खिडकीचा प्रकाश पाठीमागून न येईल अशा बेताने करावे. कॅमेरा हातात न धरता कंबरेच्या उंचीवर स्टुलावर टेकवावा, माणूस आडवा जाताना एकदा आणि समोरून येताना एकदा टिपावा, कारण आडव्या दृश्यात पावलाची लांबी नीट कळते तर समोरच्या दृश्यात हातांचे झोके आणि वळणे. शेवटची गोळी किती वाजता घेतली हे सुरुवातीलाच मोठ्याने बोलून नोंदवावे. ते नसेल तर चित्रफितीची निम्मी किंमत गेली. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीने पाठवलेली फीत आकसते, ती डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर मूळ रूपात पोचते. आणि चालता चालता मनाला दुसरे काम दिले की लपलेला दोष उघडा पडतो म्हणून वैद्य रुग्णाला शंभरातून सात-सात वजा करायला सांगतात. शाळेचे तोंड न पाहिलेल्या म्हाताऱ्याला फाल्गुनापासून मागे चैत्रापर्यंत महिने म्हणायला सांगितले तरी तेच काम होते. असे करताना पडू नये म्हणून एक धडधाकट माणूस बाजूने, पण चौकटीच्या बाहेर राहून, चालायला हवा.

एवढे सांभाळूनही चित्रफीत निदान करू शकत नाही, आणि ती करते असे सांगणाऱ्या जाहिरातींपासून सावध राहिलेले बरे. सांध्यांची ताठरता हाताने हालवूनच कळते. मागून खांदा ओढून तोल पाहण्याची परीक्षा घरच्यांनी करणे धोक्याचे आहे. लहान, घसटती पावले कंपवाताखेरीज इतर कारणांनीही पडतात: मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या बंद होणे, मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साठणे, उलटी थांबवणाऱ्या किंवा मनोविकारावरच्या काही गोळ्या दीर्घकाळ घेणे, ही त्यांतली मुख्य, आणि आयुष्यभर शेतात राबलेल्या गुडघ्यांची झीज तर जवळपास प्रत्येक चित्रफितीत मिसळलेली असणार. चित्रफितीचे बळ दुसरीकडे आहे. एकाच माणसाची, एकाच जागी, गोळीनंतर तितक्याच वेळाने टिपलेली चाल त्याच्याच तीन महिन्यांपूर्वीच्या चालीशी ताडून पाहणे हे ती उत्तम करते, कारण तोच गुडघा आणि तीच फरशी दोन्ही वेळा असल्यामुळे त्यांचा दोष बराचसा वजा होतो.

महाराष्ट्रात या विषयाची जमीन नवी नाही. मुंबईतल्या पारशी वसाहतींत घरोघर जाऊन केलेल्या आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भरुचा व सहकाऱ्यांच्या पाहणीत १४,०१० माणसांमध्ये ४६ रुग्ण आढळले, म्हणजे लाखामागे सुमारे ३२८. हा आकडा भारतातल्या इतर पाहण्यांच्या मानाने फार मोठा आहे, आणि त्या समाजातले वृद्धांचे प्रमाण त्याला काही अंशी कारण आहे. मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आणि पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ या संस्थांनी रुग्णांना एकत्र आणून व्यायाम आणि माहितीचे काम वर्षानुवर्षे केले. चित्रफितीच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण पुण्याच्या मिलेहा सोनेजी या डिझायनरचे आहे. सपाट जमिनीवर अडखळणारे आपल्या नात्यातले एक वडीलधारे गृहस्थ जिना मात्र सहज उतरतात हे पाहून त्यांनी जमिनीवर जिन्याचा आभास निर्माण करणारे चित्र पसरले, आणि तेच गृहस्थ त्यावरून न थांबता चालत गेले. २०१५ मधील त्यांच्या भाषणात हे दृश्य चित्रफितीसह दाखवले आहे. कोणतेही गुणांकन न वापरता पाहणाऱ्याला पटते ते त्या काही सेकंदांमुळे.

संमतीचा मुद्दा थोडक्यात सांगता येतो, पण तो टाळता येत नाही. चालणाऱ्याचा चेहरा झाकला तरी गावात चालीवरूनच माणूस ओळखू येतो, म्हणून या चित्रफिती आरोग्याच्या कागदपत्रांइतक्याच खाजगी समजाव्यात. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ चा रोख याच दिशेचा आहे. फीत कोणाकडे राहणार आणि केव्हा पुसणार, हे रुग्णाला त्याच्या बोलीत सांगितलेले असावे. मुलाने होकार दिला म्हणजे आईने दिला असे धरू नये.

राहिला प्रश्न तुलनेच्या आधाराचा. प्रणालींसोबत येणारी निरोगी चालीची प्रमाणे बहुतांशी परदेशांत, बूट घालून, सपाट पृष्ठभागावर चाललेल्या माणसांची आहेत. अनवाणी, शेणाने सारवलेल्या किंवा शहाबादी जमिनीवर चालणाऱ्या साठी-सत्तरीच्या शेतकऱ्याला त्या मापाने मोजणे अन्यायाचे आहे. कोजागरीच्या सुमारास सोलापूरहून तुळजापूरला पायी येणाऱ्या भाविकांत उत्तम चालणारे वृद्ध भेटतील, पण केवळ त्यांनाच निरोगी चालीचा नमुना मानले तर माप फार वर चढेल. धाराशिवच्या वैद्यकीय महाविद्यालयाने आणि अणदूर, सास्तूर येथील संस्थांनी मिळून प्रत्येक तालुक्यातील साठीच्या पुढच्या निरोगी स्त्री-पुरुषांची चाल, त्यांच्या घरच्या जमिनीवर आणि अंगावरच्या कपड्यांत, एकाच रीतीने टिपून ठेवावी. रुग्णांचे मोजमाप हाती घेण्याआधी करायचे काम हेच आहे, आणि त्यासाठी लागणारा मोबाइल आज गावोगावच्या आशाताईंच्या हातात आहे.